न उडालेल्या रबराचं वय

सर,

आपल्या भागातल्या माणसांची एक तक्रार तुम्हाला पाठ होती, कारण ती मी चौकाचौकांत ओरडून सांगायचे आणि तुम्ही गर्दीच्या मागे सायकल धरून ऐकायचात. हिंगोली, औंढा, वसमत, कळमनुरीच्या लोकहो, असं मी सुरू करायचे, आपल्याकडे प्रत्येक वस्तू दुसऱ्यांनी वापरून झाल्यावरच का येते? दुसरीकडे दमलेल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर येतात, दुसरीकडे जळून दुरुस्त झालेले ट्रान्सफॉर्मर आपल्या खांबांवर चढतात, दुसऱ्या कॉलेजांनी बाद केलेली यंत्रं आपल्या प्रयोगशाळेत नवी म्हणून मांडली जातात. आपण काय उष्ट्यावर जगायला जन्मलो? लोक टाळ्या वाजवायचे. तुम्ही वाजवायचा नाहीत. तुम्ही दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर गाठून विचारायचात, "दमलेली गाडी म्हणजे नेमकी काय दमलेली असते गं? लोखंड दमतं का? पत्रा? काय?" मला राग यायचा. हजार माणसं पेटवून घरी जावं आणि सकाळी एका माणसाने पत्र्याबद्दल विचारावं.

आणि मग तुम्हीच एक वापरलेली वस्तू घेऊन आलात. विमान! तेव्हा हिंगोली जिल्हासुद्धा झालेला नव्हता. भौतिकशास्त्राचा एक प्राध्यापक, वडील नागनाथाच्या देवळात सेवेला, आणि हा माणूस दूरच्या कुठल्याशा क्लबातून उडायला शिकून येतो, घरच्यांची बोलणी खातो, आणि त्या क्लबाने काढून टाकलेलं मायक्रोलाइट ट्रकमध्ये घालून आणतो. ताडपत्रीखाली नळ्या, तारा, गुंडाळलेलं कापड. बघायला आलेल्यांची निराशा झाली होती. दोन माणसं बसतील एवढी उघडी चौकट, वर कापडाचा पंख, पाठीमागे इंजिन आणि पंखा. "हे उडतं व्हय?" माझ्या बाने विचारलं होतं. बा म्हणजे माझे वडील, हे तुम्हाला सांगायला नको, पण लिहायला बरं वाटतं. विमान ठेवायला तुम्हाला सपाट जागा हवी होती आणि औंढ्याच्या अलीकडे आमच्या तांड्यामागे सपाट माळ होता. बाने कडब्याची शेड रिकामी करून दिली. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलखामुलखांतून फिरायचे, आणि आता तांड्यात हे नवं जनावर आलं म्हणून बा खूश होता. जनावर हा शब्द त्याचाच. पुढे सगळं त्या शब्दापाशी येऊन अडणार होतं.

तुमच्या स्वयंपाकघरातली ती दुपार मला अजून दिसते. काकूंच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं आहे, त्यावर इंजिनाचे रबरी भाग मांडलेले आहेत. पेट्रोलच्या नळ्या, इंजिनाखाली बसणारे गुटके, चाकांजवळच्या लवचिक दोऱ्या, आणि कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडतात तिथला जाड रबरी तुकडा, ज्याला तुम्ही गळा म्हणायचात. काकू भाजीची परात घेऊन उभ्या आहेत, त्यांना जागा नाही. "हे उचला, नाहीतर आज रबराची आमटी करते." तुम्ही ऐकत नाही. तुम्ही मला माहितीपुस्तकातली एक ओळ दाखवता: रबराचे सगळे भाग पाच वर्षांनी बदलावेत, उड्डाण झालेलं असो वा नसो.

या 'नसो'वर मी पेटले. "सर, हा सरळ सरळ कंपन्यांचा कावा आहे. न वापरलेली वस्तू जुनी कशी होईल? त्यांना माल विकायचाय, म्हणून त्यांनी रबराला वय लावलं. बघा की, एक तरी चीर आहे का? आधीच उष्टं आपल्या ताटात टाकतात आणि वर त्याची मुदत संपली म्हणून सांगतात!" मी बराच वेळ बोलले. काकूंनी परात खाली ठेवली, एवढं चांगलं बोलले. तुमची लेक, तेव्हा दोन वेण्या घालून शाळेत जाणारी, दारात उभी राहून ऐकत होती. माझं झाल्यावर तुम्ही तो गळा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "वाकव." मी वाकवला. काही नाही. "उलट्या बाजूने. अंगठा आतून लाव, जोर दे." आणि रबराने तोंड उघडलं. जिथे लोखंडी पट्टी आवळलेली असते, बरोबर तिच्या खाली, नखाएवढी लांब चीर. सोडलं की मिटली. वाकवलं की उघडली. सोडलं की पुन्हा मिटून गुळगुळीत, काही झालंच नाही अशी.

"यातून बाहेरची हवा आत शिरते," तुम्ही म्हणालात. "पेट्रोल कमी, हवा जास्त. मग माहीत आहे का काय होतं? इंजिन आधी बिघडत नाही. आधी ते हलकं होऊन पळतं. आवाज गोड होतो. चालवणाऱ्याला वाटतं, वा, आज काय झकास चाललंय. आणि मग ते आतून तापून जागच्या जागी अडकतं." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "तुझंही तसंच होतं. माहिती कमी आणि हवा जास्त असली की तुझा आवाज सगळ्यांत गोड लागतो."

दारातली वेणीवाली खुदकन हसली. ते हसू मला तुमच्या वाक्यापेक्षा जास्त लागलं.

पण मी मागे हटणाऱ्यांतली नव्हते. मी विचारलं, "ठीक आहे, ही चीर खरी. पण पाच वर्षंच का? पाच वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दिवशी रबर चांगलं आणि दुसऱ्या दिवशी वाईट, असं असतं का?" तुम्ही इतके खूश झालात की खुर्चीवरून उठलात. "नाही ना! नसतंच! रबराला तारीख कळत नाही. पण माणूस आदल्या दिवशी म्हणतो, चांगलं दिसतंय. दुसऱ्या दिवशीही म्हणतो, चांगलं दिसतंय. दहा वर्षांनीही तेच म्हणेल. तारीख रबरासाठी नाही, वक्तेबाई, या म्हणणाऱ्यासाठी आहे." मग तुम्ही काकूंची विळी ओढलीत आणि काढलेल्या नळ्या एकेक करून कापल्यात. जुनं रबर अख्खं ठेवलं की नड आली की कुणीतरी ते परत बसवतं, म्हणून कापायचं, हा तुमचा नियम. "माझी विळी!" काकू ओरडल्या. "आता हिच्यावर कांदा चिरला तरी पेट्रोलचा वास येईल!" चिरलेला तो गळा मात्र तुम्ही कापला नाहीत. तो मला दिलात. वक्तृत्वाच्या ढाली कुठे गेल्या मला माहीत नाही, तो तुकडा या क्षणी याच कागदावर वजन म्हणून ठेवलेला आहे.

तरीही न वापरलेलं रबर म्हातारं का होतं, हे तुम्हाला स्वतःलाच पुरतं कळलेलं नव्हतं, आणि तेच मला तुमचं सगळ्यांत जास्त आवडायचं. नव्या नळीचे तुकडे करून तुम्ही ते ठिकठिकाणी ठेवायला लावलेत. एक आमच्या शेडच्या पत्र्यावर उन्हात, एक पेट्रोलच्या बाटलीत, एक विहिरीच्या काठाला सावलीत बांधलेला, एक बाच्या हळदीच्या पोत्यात खोल खुपसलेला. सणासुदीला मी तांड्यावर आले की तुमचं पहिलं काम ते तुकडे वाकवून बघणं. पत्र्यावरचा एका उन्हाळ्यात तडकला. पेट्रोलमधला फुगून मऊ लोण्यासारखा झाला, आणि बाहेर काढून वाळवला तर आखडून लाकूड. तेव्हा कळलं की इंजिन अधूनमधून चालत राहिलं तर नळी ओली राहून टिकते, बंद पडून राहिलं की वाळून मरते. विहिरीजवळचा मधलाच कुठेतरी. आणि हळदीतला पिवळा धमक, वाकवला तर वेताच्या छडीसारखा परत सरळ. "अंधारामुळे की हळदीमुळे?" तुम्ही विचारलंत. बा म्हणाला, "मास्तर, हळद हाय ती, जखम बी भरती." तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "मग आता एक तुकडा नुसत्या गव्हाच्या पोत्यात ठेवून बघायला पाहिजे." तो ठेवायचा राहिला. त्या हिवाळ्यात तुमचं हृदय थांबलं.

तुम्ही गेल्यावर विमान शेडमध्येच राहिलं. काकू मुलीला घेऊन माहेरी गेल्या. मी सभा, मोर्चे, लेखन यांत गुंतले, हिंगोलीत बिऱ्हाड केलं, आवाज बसेपर्यंत बोलत राहिले. तांड्यावर गेले की शेडमध्ये डोकावायचे. जागा झाडलेली असायची. खंडेनवमीला बा नांगर, कुऱ्हाड, मोटर आणि विमान यांना एका ओळीत हळदीकुंकू लावायचा, झेंडू वाहायचा, नारळ फोडायचा. मला बरं वाटायचं. हा माणूस शाळेत गेला नाही पण मास्तरांचं यंत्र सांभाळतोय, असं एकदोन भाषणांतही बोलून झालं.

या वर्षी तुमची लेक आली. सर, तुम्ही तिला ओळखलं नसतं. केस कापलेले, चालताना मान वर. दक्षिणेत कुठेतरी उडायला शिकली, आता दुसऱ्यांना शिकवते. मला म्हणाली, "ताई, बाबांचं विमान उडवायचंय. परवानगीचे कागद पुढे पाठवलेत, ते आले की नागनाथाच्या रथावर वरून फुलं टाकू. आज फक्त इंजिन चालवते, आणि सगळं ठीक वाटलं तर या माळावरून एक फेरी. छोटीशी. बाबांसाठी." सगळा तांडा माळावर जमलेला. बायका, म्हातारे, झाडावर चढलेली पोरं. बाने नवं धोतर नेसलेलं. तिने यंत्र नीट तपासलं, मी खोटं कशाला सांगू. कापड तिने नवं आणलं होतं, तारा ओढून पाहिल्या, नटबोल्ट पाहिले. रबराशी आली तेव्हा मी विचारलं, "हे बदलायचं नाही का?" ती म्हणाली, "यायला चार महिने लागतील, ताई. मागवलेत. पण बघा ना, किती मऊ आहे. चमकतंय. पुस्तकातला आकडा कंपन्या माल विकायला लिहितात." माझंच वाक्य, वीसेक वर्षं भटकून माझ्याकडे परत आलेलं. बहुतेक दारात उभी राहून तिने तेवढंच ऐकलं होतं. आणि मी काय केलं? अंगठ्याने दाबून पाहिलं, खरंच मऊ होतं, काळंभोर, आरशासारखं. मला नवल वाटलं, पण पट्टी न काढता वाकवता येत नव्हतं. बा शेजारी छाती काढून उभा.

इंजिन सुरू झालं. झाडांवरचे बगळे उडाले, पोरं किंचाळली. तिने एक हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोडा वेळ ते खोकत, घरघरत राहिलं. आणि मग, सर, आवाज गोड झाला. तिने वेग वाढवायच्या दट्ट्याला हात लावलेला नव्हता, मी बघत होते, तरी आवाज वर चढायला लागला, स्वच्छ, एका सुरात, जसा काही तुम्हीच खूश होऊन हसताय. तिने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. विमान पुढे सरकायला लागलं.

मी ओरडले, "बंद कर!" ज्या आवाजाने मी माइक बंद पडला तरी बाजार गप्प केलाय, तो आवाज माझा मलाच ऐकू आला नाही. पंखा मागे आहे हे आठवलं म्हणून मी पुढून धावले आणि पुढच्या चाकासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. तिने खटका पाडला. एकदम शांतता. त्या शांततेत तांड्याचा नाईक म्हणाला, "आता इथं बी भाषण हाय व्हय बाई? इमानाला तरी उडू द्या." सगळे हसले. तुमची लेक हसली नाही. "ताई, काय झालं?" "आवाज वाढला," मी म्हणाले, "तू न वाढवता." तिचा चेहरा बदलला. ती शिकवणारी आहे, तिला अर्थ कळला. खाली उतरली, हात पोळत असताना पट्टी सैल केली आणि गळा काढला. मी तो फडक्याने पुसला. फडकं काळं झालं आणि त्याला वास आला. पेट्रोलचा नाही. आमच्या घरी भाकरीबरोबर खातो त्या चटणीचा. करडईचं तेल.

"दर खंडेनवमीला देऊन राहिलो ना," बा म्हणाला. "हट्ट्याच्या बाजारातून घाण्याचं आनतो. हातानं चोळून, समद्या रबराला. मास्तरचं जनावर हाय, कोरडं कसं ठिवावं? आमचा आजा बैलाच्या पट्ट्याला तेल द्यायचा, कातडं कधी तडकलं न्हाई." आणि मी अंगठा आतून लावून उलट्या बाजूने वाकवलं. तेलाने फुगून मिटलेली चीर उघडली. नखाएवढी नाही, अर्ध्या गोलाएवढी. चाकांजवळच्या दोरीवरची वीण ओढली तर आतलं रबर चिकट होऊन धाग्याधाग्याने बोटांना लागलं. बाने ते बघितलं. माझ्या आयुष्यात मी मंत्र्यांना तोंडावर सुनावलंय, सर. आणि समोर नवं धोतर नेसून उभा असलेला बाप मला विचारतो, "म्हंजी म्या तेल दिलं म्हून हे झालं?"

मग मी तुमच्यासारखं केलं. मला जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. "बा, चीर वयाने पडली असती, तेल दिलं नसतं तरी. पण तेलाने ती झाकली. आणि ही दोरी मात्र तेलानेच गेली." बा म्हणाला, "कातड्याला तेल लागतं. याला काय लागतं?" "याला तारीख लागते." "तारीख? ती कोन्या बाजारात भेटती?" कुणीतरी फिसकन हसलं आणि बा स्वतःही थोडा हसला, ओठाच्या एका कोपऱ्याने. "मंग जनावर न्हाई हे," तो म्हणाला. "जनावर लंगडं झालं तर चालून दावतं. हे कपटी हाय, अखीरपर्यंत चांगलं दिसतं." तो घरात गेला आणि विळा घेऊन आला. मला वाटलं रागाने आला. तो विमानाशेजारी मांडी घालून बसला, तुमच्या लेकीला म्हणाला, "माय, काढून दे एकेक," आणि तिने काढलेली प्रत्येक नळी, प्रत्येक गुटका, प्रत्येक दोरी त्याने कापली. तुमचा नियम त्याला कुणी सांगितला होता? मी नव्हता. विचारलं तर म्हणाला, "अख्खं ठिवलं तर तुझा बापच परत बशीवल. मास्तरच्या लेकराला काय झालं तर मी तोंड कुनाला दावू?"

जमलेल्या लोकांना उड्डाण हवं होतं, त्यांना भाषण मिळालं. फार छोटं. मी चिरलेला गळा हातोहात फिरवला आणि सांगितलं, घरी जा, फवारणीचा पाठीवरचा पंप काढा, त्याची नळी दोन्ही बाजूंनी वाकवा, चीर दिसली तर कापून टाका, तुमच्या पाठीवर विष गळतंय. टाळ्या पडल्या नाहीत. लोक उठून घरी गेले. संध्याकाळी तांड्यात चारपाच जण दारात बसून नळ्या वाकवत होते. इतकं यशस्वी भाषण मी कधी केलेलं नाही.

लेक रबर आलं की परत येणार आहे. तुमचा राहिलेला प्रयोग माझ्याकडून ऐकून जाताना तिने बाला सांगून ठेवलं, नवी नळी आली की एक तुकडा गव्हाच्या पोत्यात आणि दुसरा हळदीत. अंधारामुळे की हळदीमुळे, ते आता ती बघेल. मला अजून कळलेलं नाही आणि जाणून घ्यायची घाई झाली आहे, हे वयाला शोभत नसलं तरी.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, त्यामुळे एक गोष्ट सांगून टाकते. आज हिंगोलीत घरी आले, चहा ठेवावा म्हणून ओट्याशी गेले आणि सहज खाली वाकले. गॅसची नळी. शेगडी घेतली तेव्हाचीच, म्हणजे किती वर्षांची ते मलाही सांगता येणार नाही. वरची छापलेली तारीख पुसली गेली आहे, कारण दर दिवाळीला मी स्वतः ती ओल्या फडक्याने घासून चकचकीत करते. मी ती वाकवली. काय दिसलं ते लिहीत नाही. टाकीचा खटका बंद केला आहे, आणि उद्या दुकान उघडेपर्यंत या घरात चहा नाही. तुमचा गळा कागदावरून उचलते आणि हे पाकिटात न घालता टेबलावरच ठेवते, कधी कुणाच्या हाती लागेल ते लागो. ज्याच्या हाती लागेल त्याने, पुढे काहीही करायच्या आधी, उठून आपल्या ओट्याखालची नळी वाकवून बघावी.